दार कुठे येतं?

डोंबिवलीचं आमचं घर स्टेशनपासून चालत अकरा मिनिटांवर आहे. पळत सात. पस्तीस वर्षं मी हा रस्ता रोज तुडवला, पण आमचं स्टेशन दिसतं कसं असं कुणी विचारलं तर माझी पंचाईत होईल. छप्पर पत्र्याचं की सिमेंटचं? खांब गोल की चौकोनी? देवाशपथ सांगता येणार नाही. आठवते ती एक लादी. पाच नंबरवर, मधल्या पुलाचा जिना उतरून मागे वळलं की वजनकाट्याच्या पुढे दोन पावलांवर एक कोपरा उडालेली लादी होती. तिच्यावर उभं राहिलं की व्हीटी फास्टच्या आमच्या डब्याचं दार नेमकं नाकासमोर येऊन थांबे. वीतभर इकडे नाही की वीतभर तिकडे नाही. मोटरमन कोण आहे, तो घरून भांडून आलाय की जेवून आलाय, पाऊस आहे की ऊन, कशाचाच फरक पडत नसे. पुढे नऊ डब्यांची आमची गाडी बारा डब्यांची झाली तेव्हा ती लादी फुकट गेली. नवी सापडेपर्यंत पंधरा दिवस मी फलाटावर पोरक्यासारखा हिंडत होतो. स्टेशन म्हणजे माझ्या लेखी ती लादी. बाकीचं सगळं म्हणजे लादीपर्यंत जायचा रस्ता.

हे सगळं एकदम आठवलं ते डोंबिवलीपासून फार लांब, अमेरिकेत, एका जाळीच्या कुंपणाला नाक लावून उभा असताना.

२०२३च्या मे महिन्यात आम्ही दोघं लेकीकडे गेलो होतो. लेक-जावई रेडमंडला राहतात. सिअ‍ॅटल शहराच्या पूर्वेला लेक वॉशिंग्टन नावाचं लांबच लांब तळं आहे, त्याच्या पलीकडचं हे उपनगर. मायक्रोसॉफ्टचं मुख्यालय इथलंच, त्यामुळे उन्हाळ्यात रस्त्याने निघालं की कुणाचे ना कुणाचे आई-वडील भेटतातच. पायात पांढरे बूट, जूनमध्येसुद्धा कानटोपी, आणि चेहऱ्यावर 'परतीचं तिकीट ऑक्टोबरचं आहे' असा भाव. आमचंही ऑक्टोबरचंच होतं. लेक आणि जावई कामाला जात, नात शाळेत, आणि आमची ही लेकीच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांची फेररचना करण्यात गढलेली. उरलो मी. 'तुम्ही जरा फिरून या' असं मला दिवसातून तीनदा सांगण्यात येई. पहिल्या दोन वेळा ती सूचना असे.

फिरता फिरता चौथ्या की पाचव्या दिवशी ते कुंपण लागलं. पलीकडे स्टेशन बांधायचं चाललं होतं.

लाइट रेल म्हणतात तिला. आपल्या मेट्रोची धाकटी बहीण म्हणा किंवा ट्रामची शिकलेली मुलगी म्हणा. विजेवर चालणारी, फार तर चार डब्यांची गाडी. कुठे उंच पुलावरून जाते, कुठे बोगद्यातून, तर कुठे चक्क रस्त्याच्या मधून, सिग्नल पाळत. सिअ‍ॅटलमध्ये ती २००९ पासून धावते आहे. तिचा एक फाटा तळं ओलांडून लेकीच्या बाजूला यायचा होता, आणि त्या फाट्यावरचं शेवटून दुसरं स्टेशन हे. नाव 'मेरीमूर व्हिलेज'. मेरीमूर हे शेजारच्या अवाढव्य उद्यानाचं नाव. तिथे क्रिकेट चालतं, एक जुनी पवनचक्की आहे, कुत्र्यांना मोकळं बागडायला राखून ठेवलेलं रान आहे. व्हिलेज मात्र मला काही केल्या सापडलं नाही. चारी बाजूंनी फिरून पाहिलं. देऊळ नाही, पार नाही, पारावर बसून मला 'कुठले पाहुणे?' असं विचारणारं कुणी नाही. होता तो १,४०० मोटारी मावतील असा बहुमजली वाहनतळ. म्हणजे घरातून मोटार काढायची, ती स्टेशनवर आणून ठेवायची, आणि मग गाडी पकडायची. आमच्याकडे स्टेशनबाहेर स्कूटर लावायला हातभर जागा मिळाली तर माणूस त्या दिवशी ऑफिसात साहेबाशीसुद्धा गोड बोलतो. १,४०० हा आकडा मी गाडीतल्या जुन्या सोबत्यांच्या ग्रुपवर टाकला तेव्हा पहिलं उत्तर आलं, 'महिना पास केवढ्याला?'

पण मी रोज तिथे जायला लागलो तो वाहनतळ बघायला नव्हे. वऱ्हाड यायच्या आधीचं कार्यालय असतं ना, खुर्च्या अजून एकावर एक रचलेल्या, स्टेजवर नुसताच सोफा, आणि एक पोरगा शिडीवर चढून माळा सोडतोय, तसं ते स्टेशन दिसत होतं. रूळ घातलेले. फलाट ओतलेला. छपराचे खांब उभे. वर तारा ओढायचं काम चाललेलं. आणि माणूस म्हणावा तर एकही नाही. उतरणारा नाही, चढणारा नाही, पाठीत बॅग खुपसून 'आगे बढो' म्हणणारा नाही. आमच्याकडे रविवारचा मेगाब्लॉक जाहीर झाला तरी एखादी गाडी रडतखडत येतेच, आणि तिच्यात मिसळून सगळी डोंबिवली येते. रिकामं स्टेशन मी जन्मात पाहिलं नव्हतं. पासष्टाव्या वर्षी मला कळलं की फलाटाला उतार असतो, पावसाचं पाणी निघून जावं म्हणून. एकदा ते लोक फलाटाच्या कडेची पिवळी पट्टी बसवत होते, ती दृष्टी नसलेल्या माणसाच्या काठीला लागावी म्हणून उंचवटे असतात ना, ती. ही पट्टी आमच्याकडेही आहे असं मी वाचलं आहे. दिसलेली नाही, कारण तिच्यावर कायम कुणीतरी उभं असतं. बहुतेक मीच.

बांधकाम बघण्याचं एक वेगळंच सुख आहे. एक जण दोरी धरतो. दुसरा दोरीकडे बघतो. तिसरा दुसऱ्याकडे बघून मान हलवतो. मग तिघं पाच मिनिटं काहीही न करता उभे राहतात, आणि कुंपणाबाहेर आपणही त्यांच्याबरोबर काहीही न करता उभे राहतो. आपल्याकडे जेसीबी खड्डा खणू लागला की चाळीस माणसं कामधंदा सोडून जमतात. मला वाटायचं हा खास आपला गुण. जावई म्हणाला, "नाही बाबा, इटलीत यासाठी शब्द आहे." बोलोन्या शहराकडे म्हणे निवृत्त म्हातारे हात पाठीमागे बांधून बांधकामांपाशी उभे राहतात, आणि काम करणाऱ्यांना न मागता सल्ले देतात. त्यांना 'उमारेल' म्हणतात. मी लगेच हात पाठीमागे बांधले आहेत का ते पाहिलं. होते.

"डोंबिवलीत सोसायटीची टाकी चार महिने बांधत होते," ही म्हणाली, "तेव्हा एकदा खाली उतरून बघितलं नाहीत."

तेव्हा मी गाडीत होतो, हे उत्तर मला रात्री झोपताना सुचलं.

कुंपणाशी आणखी दोन उमारेल असत. एक गुंटूरचे, त्यांना मी गारू म्हणत असे आणि ते मला सर म्हणत. दुसरे चिनी आजोबा. आमची त्यांची भाषा एक नव्हती. काँक्रीटची गाडी पोट फिरवत आली की ते अंगठा वर करत. ओतलेलं काही फोडायला घेतलं की जीभ टाळ्याला लावून 'च्च' करत. ते 'च्च' मात्र हुबेहूब आमच्याकडचं होतं. गारूंना सगळी माहिती असे. आदल्या वर्षी काँक्रीटच्या गाड्यांचे ड्रायव्हर काही महिने संपावर होते आणि त्यात हा मार्ग रखडला, हे त्यांनीच सांगितलं. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. संप, रखडलेली रेल्वे आणि तिच्याविषयी तावातावाने बोलणारे म्हातारे! परदेश परदेश म्हणतात तो एवढाच?

तसा थोडा फरक होता. हा रेडमंडचा तुकडा बांधायचे पैसे कुठून आले, तर लोकांनी मतदान करून स्वतःवर कर बसवून घेतला. २०१६च्या नोव्हेंबरात ज्या मतपत्रिकेवर ट्रम्प आणि हिलरी क्लिंटन होते, तिच्यावरच या भागातल्या लोकांना आणखी एक प्रश्न होता: रेल्वे वाढवायला सुमारे ५४ अब्ज डॉलरची योजना आहे, त्यासाठी विक्रीकर, घरपट्टी, मोटारीवरचा कर वाढेल, चालेल का? बहुसंख्यांनी चालेल म्हटलं. मी हे ऐकून बराच वेळ गप्प होतो. आपल्याकडे रेल्वे निवडणुकीच्या आधी भाषणात येते आणि नंतर बऱ्याच वर्षांनी रुळावर येते. मधल्या काळात तिचे पैसे कुणाचे, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. घरपट्टी वाढवू का असं विचारून आमच्या वॉर्डात कुणी मत मागायला आलं तर त्याला खालच्या जिन्यावरूनच परत पाठवतील. आणि पाठवणाऱ्यांत मी पुढे असेन, हेही खरं.

रस्त्यावर काम चालू असलं की एका बाई हातात दांडा घेऊन उभ्या असत. दांड्याच्या टोकाला पाटी, एका बाजूला 'थांबा', दुसरीकडे 'हळू'. अंगात ते चमकणारं पिवळं जाकीट. मोटारी थांबवणं आणि सोडणं हे त्यांचं काम. माझ्या मनात त्यांचं नाव गार्डबाई. दहा-बारा दिवस मी त्यांना नुसतं गुड मॉर्निंग करत होतो. एक दिवस त्यांनी विचारलं, "तुम्ही रोज येता. रेल्वेत होतात का?"

"हो," मी म्हणालो, "पस्तीस वर्षं. रोज अडीच तास."

त्यांना काही कळेना. मग मी समजावून सांगितलं की नोकरी फोर्टात एका कचेरीत होती, रेल्वेत मी फक्त उभा असायचो. डोंबिवली ते व्हीटी ४८ किलोमीटर, जाऊन-येऊन ९६. बाई हिशोबाला पक्क्या निघाल्या. त्यांनी तिथेच फोनवर वर्षं, दिवस, किलोमीटर यांचा गुणाकार केला आणि सांगितलं की सुट्ट्या वजा जाता तुम्ही चंद्रावर जाऊन परत आला आहात, आणि पुन्हा निघून जवळजवळ निम्म्या वाटेवर आहात. "खिडकीची जागा होती का?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, निम्मा प्रवास चौथ्या सीटवर. चौथी सीट म्हणजे काय हे सांगायला मात्र माझं इंग्रजी पुरलं नाही. तिघांच्या बाकावर चौथा माणूस कसा बसतो, कमरेखालचा किती भाग बाकावर आणि किती हवेत, हे मी शेवटी करून दाखवलं. तेवढ्यात तीन मोटारी खोळंबल्या.

गाडीचा ग्रुप म्हणजे आमचा जुना डबा. सगळे निवृत्त झाले तरी मोबाइलवर अजून रोज सकाळी 'आलो का?' असा निरोप पडतो. दसऱ्याला डब्याला तोरण बांधून पूजा करायचो त्याचे फोटो दर वर्षी नव्याने फिरतात. त्यात एक जण कुर्ला कारशेडमधून निवृत्त झालेला, खऱ्या अर्थाने रेल्वेतला. मी मेरीमूरचे फोटो पाठवू लागलो तशी त्याची चौकशी सुरू झाली. वरची तार किती व्होल्टची? जावयाने शोधून दिलं: १५०० व्होल्ट, डीसी. ते वाचून आमचा कारशेडवाला भडकलाच. "अरे ती आपली आहे!" ३ फेब्रुवारी १९२५ला व्हीटीहून हार्बरने कुर्ल्यापर्यंत देशातली पहिली विजेची गाडी गेली ती १५०० डीसीवर. त्यानंतर जवळजवळ ९० वर्षं सगळी मुंबई त्याच विजेवर लोंबकळली. मग हळूहळू २५,००० व्होल्टची एसी वीज आली आणि २०१६च्या एप्रिलमध्ये हार्बरवरची शेवटची डीसी लोकल धावली. "आपण टाकून दिली ती यांनी घातली," असं त्याने लिहिलं आणि पुढे तीन अंगठे. मी सांगून पाहिलं की छोट्या गाड्यांना डीसीच सोयीची पडत असेल, शिवाय इथले नवे डबे सीमेन्सचे आहेत, आपल्या पांढऱ्या-जांभळ्या गाड्यांची यंत्रणाही सीमेन्सचीच. पण त्याचं मन भरून आलं होतं. डीसी मोटरचा सुटतानाचा आवाज, तो जो खालून वर चढत जातो, तो तुला तिथे ऐकू आला तर रेकॉर्ड करून पाठव म्हणाला. मी लिहिलं, गाडीच नाही अजून. "थांब मग," त्याने उत्तर दिलं. थांबण्यात आमचा सगळा डबा तरबेज.

एका शनिवारी जावयाने मला तळ्यावरचा पूल दाखवायला नेलं. लेक वॉशिंग्टन इतकं खोल आहे आणि तळाशी इतका गाळ आहे की खांब उभे करणं परवडत नाही. म्हणून तिथे सिमेंटच्या पोकळ पेट्या एकमेकींना जोडून पाण्यावर सोडल्या आहेत आणि त्यांच्यावरून हमरस्ता नेला आहे. सिमेंट तरंगतं यावर माझा विश्वास बसायला वेळ लागला, पण आम्ही त्याच्यावरून ताशी ९० किलोमीटरने चाललो होतो, तेव्हा बसणं भाग होतं. या तरंगत्या पुलाच्या मधून रूळ घातलेले होते. तरंगत्या पुलावरून लाइट रेल जगात तोवर कुठेच नव्हती, ही पहिलीच. अडचण अशी की तळ्याचं पाणी ऋतूप्रमाणे हात-दीड हात वरखाली होतं, पूल त्याच्याबरोबर वरखाली होतो, आणि काठावरचा रस्ता आहे तिथेच राहतो. या दोघांच्या सांध्यावरून रूळ कसे न्यायचे? त्यासाठी वेगळे हलते सांधे बनवून आधी कोलोरॅडोत रुळांवर गाडी फिरवून तपासले. शिवाय त्या बाजूला रुळांखाली ओतलेले काँक्रीटचे हजारो ठोकळे नीट जमले नाहीत म्हणून फोडून परत घालायचं काम चाललं होतं. चिनी आजोबा असते तर 'च्च' करून त्यांचा घसा बसला असता.

मी मोटारीतून ते रिकामे रूळ बघत होतो. आमच्याकडे जुलैत कुर्ला-सायनला रूळ पाण्याखाली जातात. यांनी ते आधीच पाण्यावर ठेवलेत.

पूल रखडला म्हणून त्या ऑगस्टमध्ये असं ठरलं की सिअ‍ॅटलशी जोडायची वाट न बघता तळ्याच्या अलीकडचा तुकडा आधी सुरू करून टाकायचा. गारूंना ते मुळीच पटलं नाही. शहरात न जाणारी गाडी काय कामाची? मला मात्र त्यात वावगं दिसेना. डोंबिवलीहून सुटून ठाण्याला संपणारी लोकल म्हणून लोक तिला शिव्या देतील, पण चढतील. माणूस गाडीत कशाला बसतो याचा फार खोलात जाऊन विचार करू नये. आमच्याकडे खिडकी मिळावी म्हणून माणसं आधी उलटी कल्याणला जातात.

आता मुख्य गोष्ट.

जूनच्या अखेरीस शाळेला सुट्टी लागली तशी नात माझ्याबरोबर यायला लागली. नऊ वर्षांची. मराठी कळतं, बोलते, पण वाक्यात कर्ता शेवटी येतो. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "काय बघतोयस आबा?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दार कुठे येतं ते बघतोय."

म्हटलं खरं आणि लक्षात आलं की महिनाभर मी तेच करत होतो. फलाटाचा उतार, पिवळी पट्टी, उमारेल हे सगळं वरवरचं. माझे डोळे त्या फलाटावर माझी लादी शोधत होते.

"दार येईल तिथे जायचं ना," नात म्हणाली.

हे तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. दार येईल तिथे जायचं, हे ज्यांच्या गाडीत जागा असते त्यांचं तत्त्वज्ञान. ते तिला शोभतं. पण डोंबिवलीच्या माणसाची नात म्हणून तिला दुसरी बाजूही ठाऊक असायला हवी होती, आणि माझ्याकडे ऑक्टोबरपर्यंतचा वेळ होता. आम्ही कामाला लागलो. फलाटाची लांबी ३८० फूट, म्हणजे आमच्या बारा डब्यांच्या फलाटाच्या निम्म्याहूनही कमी. कुंपणाबाहेरून मी तो पावलांनी मोजला, माझी १५२ आणि तिची बरीच. एक डबा ९५ फुटांचा. चार डबे लावले की फलाट बरोबर भरतो, बाहेर बोटभर उरत नाही. प्रत्येक डब्याला एका बाजूने चार दारं. एकूण सोळा. वहीच्या पानावर तिने सोळा चौकोन काढले आणि रंगवले. पहिलं दार डब्याच्या टोकापासून किती लांब, हे ठरवायला जावयाने आम्हाला कारखान्याचं चित्र काढून दिलं. लेक म्हणाली, एवढा अभ्यास तुम्ही माझा घेतला असतात तर.

कोणता डबा धरायचा यावर मात्र गणित चालत नाही, तिथे अनुभव लागतो. मी तिला समजावलं. लोक जिथून आत येतात तिथेच उभे राहतात, माणूस मुळात आळशी. म्हणून फलाटाच्या तोंडाशी गर्दी, शेपटाला मोकळं. बेलव्ह्यू शहराकडे जाणारी गाडी घे. तिचा शेवटचा डबा, शेवटून दुसरं दार. शेवटचं नाही, तिथे सायकलीवाले घुसतील. आणि आत गेल्यावर बसलेल्या माणसाला अदबीने विचारायचं, 'कुठे उतरणार?' तो सांगेल ते स्टेशन लक्षात ठेवायचं आणि त्याच्या समोरच उभं राहायचं, हलायचं नाही. त्याची सीट तुझी. "असं विचारलं तर इथे पोलीस बोलावतील," नात म्हणाली. मी तो भाग गाळला.

तिला आणखी एक गोष्ट खटकली. "तिकीट कुठे दाखवायचं?" खरंच, तिकीट खिडकी दिसत नव्हती, फाटक नव्हतं. कार्ड एका खांबाला लावायचं आणि चालू लागायचं, नाही लावलं तर अडवणारं काही नाही. कधीमधी तपासनीस येतो तेवढाच. तिला तर तेही नको, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना फुकट. मी पस्तीस वर्षं फर्स्ट क्लासचा पास खिशाला शिवल्यासारखा बाळगला आणि एकदाच घरी विसरलो. नेमका त्याच दिवशी टीसी भेटला. ही हकीकत तिला मी तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "मग तू चौथ्या सीटवर का बसायचास, फर्स्ट क्लासमध्ये असून?"

फर्स्ट क्लास पुढे मिळाला, आधीची वीस वर्षं सेकंड. पण मुलांनी इतक्या बारकाईने ऐकू नये.

सप्टेंबर संपता संपता आमची जागा पक्की झाली. फलाटाच्या शेपटाकडून छपराचा दुसरा खांब. त्याच्या अलीकडे साडेतीन पावलं, तिची. समोर कुंपणापलीकडे एक झाड, तेव्हा पिवळं पडायला लागलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा जाऊन खात्री करून घेतली. गारू त्याआधीच गुंटूरला गेले होते. चिनी आजोबांना मी हाताने विमान उडवून दाखवलं. त्यांनी अंगठा वर केला, मग जरा विचार करून खाली घेतला आणि माझा हात हातात धरला. गार्डबाईंनी त्यांची पाटी 'थांबा'कडे वळवून माझ्यासमोर धरली. पाठीमागे मोटारी खोळंबल्याच.

त्यानंतर मी डोंबिवलीत आणि स्टेशन तिकडे. वेळ लागला, कामं अशीच असतात. २०२४च्या एप्रिलमध्ये अलीकडचा तुकडा सुरू झाला तो मायक्रोसॉफ्टपर्यंतच. मेरीमूरला गाडी आली ती १० मे २०२५ला. लेकीने फोटो पाठवले: फुगे, रांगा, माना उंच करून बघणारी माणसं. त्या दिवशी गर्दीत खांबापर्यंत पोचताच आलं नाही म्हणाली. मी कारशेडवाल्याला कळवलं. त्याने आवाज मागितला.

मग जूनमध्ये एका दिवशी पहाटे साडेचारला माझा फोन वाजला. तिकडे दुपारचे चार. साडेचार ही माझी जुनी उठायची वेळ, तेव्हा मी जागाच होतो. पडद्यावर नात. आता अकराची, हनुवटी लांब झाली आहे. पाठीमागे छपराचा दुसरा खांब. तिने फोन खाली करून बूट दाखवले: साडेतीन पावलं. पाय मोठे झाल्यामुळे हल्ली तीनच भरतात म्हणाली, पण जागा तीच धरली आहे. झाडही दाखवलं. फलाटाच्या तोंडाशी दहा-बारा माणसं, शेपटाला ती आणि तिची आई. जसं मी सांगितलं होतं तसं. मी चष्मा लावला. हिलाही उठवलं.

लांबून घंटा वाजली. गाडी आली. पडद्यावर पांढरं काहीतरी सरकताना दिसलं, नातीच्या समोरून एक दार गेलं, दुसरं गेलं, मग शेवटचा डबा गेला, आणि मग तिच्यासमोर नुसतं झाड.

"आबा! दोनच डबे आहेत!"

"नऊ डब्यांची आली," मी ओरडलो, "पळ!"

पुढचं पडद्यावर नीट दिसलं नाही. आकाश, छप्पर, पिवळी पट्टी, पुन्हा आकाश, आणि लेकीचा धापा टाकणारा आवाज. फोन हलत होता, वाहाणा फटफट वाजत होत्या, कुणीतरी आतून दारात हात धरून ठेवल्यासारखं वाटलं. मग एकदम स्थिर. नातीचं लाल तोंड, मागे खांबाला धरलेली माणसं.

"मिळाली," ती म्हणाली.

"बसायला?" हिने विचारलं.